चिठ्ठीबाईंची भिंत

गिलावा करणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला सगळे वादळ मिस्त्री म्हणत. हे नाव त्यांना फार वर्षांपूर्वी चिकटले होते आणि खरे सांगायचे तर ते त्यांना मनापासून आवडत असे. सकाळी त्यांना उघड्या विटांची खोली दाखवावी आणि संध्याकाळी येऊन पाहावे, तर भिंती गुळगुळीत. थापी त्यांच्या हातात अशी फिरे की बघणाऱ्याने बघतच राहावे.

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती. वादळ मिस्त्री कोणालाही नाही म्हणत नसत. बांधकामाच्या साहेबांनी विचारावे, "मिस्त्री, शनिवारपर्यंत?" आणि मिस्त्रींनी खांद्यावरचे फडके झटकून म्हणावे, "होऊन जाईल." कधी होई, कधी होत नसे. झाले नाही तर कारणे हाताशी असतच. वाळू आली नाही, पाणी गेले, प्लंबर मध्ये कडमडला. बांधकामावर सिमेंट कमी पडेल, पण कारणे कमी पडत नाहीत.

या वेळचे काम मात्र शाळेचे होते आणि शाळा त्यांच्या नातीची होती.

नातीला घरात मुंगी म्हणत. चणीने लहान आणि चालताना आवाज नाही, म्हणून. आवाज तसाही कमीच. शाळेतून आली की "आज काय झालं गं?" असे विचारावे, तर "काही नाही" एवढेच उत्तर मिळे. पण या वर्षी तिला एक मैत्रीण मिळाली. त्या मैत्रिणीचे पुढचे दोन दात पडले होते, म्हणून घरात तिचे नाव पडले दातपडकी. तेव्हापासून मुंगीचे तोंड उघडले ते बंदच होईना. दातपडकीने आज कुत्र्याला डबा दिला, दातपडकीला शिटी वाजवता येत नाही, दातपडकी म्हणते चंद्र आपल्या मागे मागे येतो. आजी म्हणे, "एवढी वर्षं साठवून ठेवलं होतंस का गं सगळं?"

शाळेची जुनी इमारत पाडून नवी दुमजली उठत होती आणि तोवर मुले पत्र्याच्या शेडमध्ये बसत. सुट्टी लागली की ती शेड हलणार होती. सुट्टीनंतर नवी इमारत तयार नसली, तर मुले दोन वेगळ्या शाळांत वाटली जाणार होती. रस्त्याच्या अलीकडची एका शाळेत, पलीकडची दुसऱ्या. मुंगीचे घर अलीकडे. दातपडकीचे पलीकडे.

"आजोबा, शाळा होईल ना?" जेवता जेवता मुंगीने विचारले.

"होऊन जाईल," घास तोंडात असतानाच मिस्त्री म्हणाले.

"हं," आजीने भांडे जरा जोरातच खाली ठेवले. "आपल्या न्हाणीघराची फरशीपण होऊनच जाणार होती. अजून मी पाय जपून टाकते."

मुंगीने एकदा आजीकडे पाहिले, एकदा आजोबांकडे, आणि पुन्हा काही विचारले नाही. हे मिस्त्रींना लागले.

---

कामाचा मेळ बसत नव्हता. एकाने दुसऱ्याची वाट बघायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या नावाने बोटे मोडायची, असे चालले होते. तेव्हा साहेबांनी नियोजनासाठी एक बाई आणल्या. बाई शिकलेल्या होत्या, बोलायला शांत होत्या आणि त्यांच्याजवळ रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. पहिल्याच सकाळी त्यांनी पत्र्याच्या ऑफिसातली एक भिंत रिकामी केली, तिच्यावर प्लायवुड ठोकून घेतले आणि खुर्च्या बाहेर काढल्या. दुपारपर्यंत त्यांचे नाव चिठ्ठीबाई पडले.

"खुर्च्या का काढल्या?" रंगाऱ्याने विचारले. त्याला बसण्याची फार हौस.

"बसलं की गप्पा लांबतात," बाई म्हणाल्या. "उभं राहिलं की पाय सांगतात, आता पुरे."

मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेका रंगाचा गठ्ठा दिला. गिलाव्याला पिवळा, वायरमनला निळा, प्लंबरला हिरवा, सुतारकाकांना तपकिरी, फरशीवाल्याला पांढरा. रंगाऱ्याला गुलाबी मिळाला, तेव्हा सगळे हसले आणि रंगारीही हसला.

बाईंनी स्वतः एकच चिठ्ठी लिहिली आणि ती भिंतीच्या अगदी उजव्या टोकाला लावली. 'मुलं वर्गात बसली.'

"आता मागे चालायचं," त्या म्हणाल्या. "मुलं बसायच्या लगेच आधी काय झालेलं असायला हवं?"

सगळ्यांना पायापासून वर जायची सवय. शेवटाकडून मागे यायचे म्हणजे जिना उलटा उतरण्यासारखे वाटले. शेवटी सुतारकाका म्हणाले, "बाकं लागलेली हवीत."

"लावा चिठ्ठी. बाकं लावायची तर आधी काय हवं?"

"रंग वाळलेला हवा," रंगारी म्हणाला. "नाहीतर बाकं भिंतीला चिकटतील आणि मुलं बाकांना."

"आणि रंगाच्या आधी?"

असे करत करत भिंत उजवीकडून डावीकडे भरत गेली. रंगाआधी गिलावा आणि त्याचे वाळणे. गिलाव्याआधी भिंतीतले पाइप आणि विजेचे डबे. लहान मुलाला कपडे घालताना आई जसे करते तसेच हे. बूट घालायचे तर आधी मोजे, मोज्यांआधी पाय पुसलेले. आई हे मनातल्या मनात करते, म्हणून आपल्याला दिसत नाही. बाईंनी ते भिंतीवर मांडले, म्हणून सगळ्यांना एकदम दिसले. वादळ मिस्त्री आपल्या पिवळ्या चिठ्ठ्यांकडे बघत उभे राहिले. इतकी वर्षे ते काम करत आले, पण आपल्या डाव्या हाताला कोण उभा आहे आणि उजव्या हाताला कोण, हे त्यांनी असे कधी पाहिले नव्हते.

"या खोलीत नियम दोनच," बाई म्हणाल्या. "येत्या आठवड्यात काय करणार ते ज्याचं त्यानं सांगायचं, मी सांगणार नाही. आणि होय म्हणण्याआधी बघायचं, आडवं काय येतंय. सामान आहे का, माणसं आहेत का, जागा मोकळी आहे का, आधीच्यानं आपलं काम संपवलंय का. यातलं एक जरी नसलं तर उत्तर नाही. नाही म्हणायला इथे परवानगी आहे."

"आणि बघतो म्हटलं तर?" वायरमनने विचारले.

"बघतो चालत नाही. करून टाकू चालत नाही. होऊन जाईल तर अजिबात चालत नाही."

सगळ्यांच्या माना वादळ मिस्त्रींकडे वळल्या.

"अरेरे, मिस्त्री," रंगारी म्हणाला, "तुमची तर वाचाच गेली की हो."

---

पहिले काही आठवडे मिस्त्रींना हे सारे पोरखेळ वाटले. पण सोमवारी सकाळी उभे राहून बोललेले शनिवारपर्यंत खरे होऊ लागले, तसे त्यांना नवल वाटू लागले. ज्याचा शब्द पाळला गेला त्याच्या चिठ्ठीवर बाई बरोबरची खूण करत. नाही पाळला गेला तर खाली कारण लिहीत, पण माणसाचे नाव कधी लिहीत नसत. "मी माणसं मोजत नाही, शब्द मोजते," असे त्या एकदा म्हणाल्या होत्या.

आणि मग वादळ मिस्त्रींनी तो घोळ घातला.

त्या आठवड्यात त्यांची पिवळी चिठ्ठी खालच्या मजल्याच्या दोन खोल्यांची होती. ऐन वेळी वाळू आली नाही आणि टोळी हातावर हात ठेवून बसली. मिस्त्रींना रिकामे बसणे म्हणजे शिक्षा. त्यांनी वर जाऊन पाहिले, तर व्हरांड्याची लांबच लांब भिंत तशीच उघडी होती आणि कोपऱ्यात मागची त्या भिंतीपुरती वाळू शिल्लक. ही चिठ्ठी पुढच्या आठवड्याची, पण भिंत समोर, थापी हातात, आणि मनात मुंगी. जेवढे लवकर होईल तेवढी शाळा लवकर, असा साधा हिशोब त्यांनी केला. टोळीला हाक मारली आणि सूर्य मावळेपर्यंत भिंत आरशासारखी करून टाकली. घरी जाताना ते शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी वायरमन खांद्यावर पाइपांची मोळी घेऊन वर गेला आणि तिथूनच ओरडला, "माझी भिंत कोणी खाल्ली?"

शाळेच्या घंटेची आणि वरच्या सगळ्या पंख्यांची वायर त्याच भिंतीतून जायची होती. पाइप अजून बसले नव्हते. ताजा गिलावा छिन्नीने फोडावा लागणार होता. वायरमनच्या तोंडाला लगाम नव्हताच. "वादळ ते वादळच! येतं, सगळं उडवतं आणि जातं. निस्तरायचं दुसऱ्यांनी!"

सगळे पत्र्याच्या ऑफिसात जमले. मिस्त्रींनी खांद्यावरचे फडके हातात घेतले होते आणि ते पिळत होते. आता बाई बोलणार, साहेबांसमोर बोलणार, आणि या वयात ऐकून घ्यावे लागणार, याची त्यांनी तयारी ठेवली होती.

बाईंनी विचारले, "मिस्त्री, वरची भिंत आधी का केलीत?"

"टोळी रिकामी बसली होती."

"रिकामी का बसली?"

"खालच्या खोल्यांना वाळू नव्हती."

"वाळू का नव्हती?"

"गाडी आली होती. आत शिरली नाही, परत गेली."

"का शिरली नाही?"

मिस्त्रींनी इतरांकडे पाहिले. फाटकाजवळ राहणाऱ्या सुतारकाकांनी सांगितले, "फाटकात फरशीच्या पेट्यांचा डोंगर पडलाय ना. सायकल जाईना, तिथे गाडी कुठली जातेय?"

"फरशी तर अजून कितीतरी लांब आहे," बाई पांढऱ्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवून म्हणाल्या. "आत्ताच का आली?"

फरशीवाला डोके खाजवत म्हणाला, "म्हटलं, लवकर आलेली बरी."

रंगाऱ्याच्या तोंडून निघाले, "म्हणजे वरची भिंत फरशीनं फोडली म्हणायची!" आणि वायरमनसकट सगळे हसले. हसता हसता मिस्त्रींच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. आजवर काम बिघडले की कोणीतरी एक गुन्हेगार सापडे आणि तो शिव्या खाऊन मोकळा होई. पुढच्या महिन्यात तेच पुन्हा बिघडे. ही बाई गुन्हेगार शोधत नव्हतीच. सुईत दोरा ओवावा तशी ती एका 'का'मधून दुसरा 'का' ओवत गेली आणि दोऱ्याच्या टोकाला निघाला फाटकातला डोंगर. दुपारी सगळ्यांनी मिळून तो डोंगर हलवला. त्या दिवसापासून पुढच्या आठवड्यांकडे पाहताना बाईंच्याआधी मिस्त्रीच विचारू लागले, "आडवं काय येतंय?"

"बाई," संध्याकाळी त्यांनी हळूच विचारले, "मी तर मदतच करत होतो ना?"

"होय. पण जे पुढच्याला अजून नकोय ते आपण आज केलं, तर ती मदत त्याच्या वाटेत पडते. तुमचा वेग मला हवाय, मिस्त्री. फक्त तो पुढच्याच्या हाकेवर हवाय."

असे कोणी त्यांना आजवर समजावून सांगितले नव्हते. सांगणे वेगळे आणि समजावणे वेगळे. बाई समजावत, आणि समोरचा किती शिकला आहे याचा विचार न करता समजावत.

---

भिंत फुटली, पाइप बसले, गिलावा पुन्हा झाला. पण गिलाव्याला पाणी मारायला आणि मग वाळायला जो वेळ लागतो तो लागतोच. त्यात कोणाची घाई चालत नाही.

सुट्टी संपत आली. एका सोमवारी उभ्या सभेला शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. भिंतीवर उजव्या टोकाची चिठ्ठी अजून तिथेच होती. त्यांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "मला आज उत्तर द्यायचं आहे. इमारत मिळणार असेल तर मुलं इथे. नसेल तर आजच दोन शाळांना मुलांच्या नावांची वाटणी कळवावी लागेल. एकदा वाटली की वर्षभर परत आणता येणार नाहीत."

साहेब घाईने पुढे आले. सगळे गणित वरच्या व्हरांड्याच्या भिंतीवर अडले होते, हे त्यांना ठाऊक होते. तिला रंग लागला की वरचे वर्ग मोकळे. "मिस्त्री," ते म्हणाले, "वरची भिंत रंगाला देताय ना या आठवड्यात?"

वादळ मिस्त्रींच्या जिभेवर ते दोन शब्द तयारच होते. आयुष्यभर तयार होते. ते म्हटले की साहेब खूश, मुख्याध्यापिका खूश, आणि मुंगी आणि दातपडकी एका वर्गात. पण सकाळीच ते वर जाऊन आले होते. हाताची मागची बाजू त्यांनी भिंतीला लावली होती आणि भिंत थंड लागली होती. थंड भिंत म्हणजे आत ओल. तिच्यावर रंग दिला तर महिन्याभरात पापुद्रे निघणार, बुरशी धरणार, आणि भर शाळेत वर्ग रिकामे करावे लागणार. तेव्हा मुलांना कुठे पाठवणार?

त्यांना मुंगी दिसली. एकदा आजीकडे, एकदा आजोबांकडे बघून गप्प बसणारी.

"नाही," ते म्हणाले.

साहेबांचा चेहरा उतरला. मुख्याध्यापिकांनी पर्स उघडून फोन काढला. आपणच आपल्या हाताने मुंगीची मैत्रीण दुसऱ्या शाळेत धाडली, असे मिस्त्रींना वाटून गेले.

"एक मिनिट, बाई," चिठ्ठीबाई मुख्याध्यापिकांना म्हणाल्या आणि मिस्त्रींकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, निराशाही नव्हती. "मिस्त्री, याला नाही. ठीक. मग होय कशाला?"

हा प्रश्न मिस्त्रींना कोणी कधी विचारला नव्हता, कारण त्यांनी कधी नाहीच म्हटले नव्हते. ते भिंतीजवळ गेले. पिवळ्या चिठ्ठ्यांवरून त्यांचे खरखरीत बोट फिरू लागले.

"खालचा मजला," ते सावकाश म्हणाले. "सगळा. वाचनालय, शिक्षकांची खोली, सामानाची खोली धरून. तिथल्या भिंती कोरड्या आहेत, हात लावून बघा. तो आजपासून रंगाला देतो. होय."

"मी आज दुपारी खाली येतो," रंगारी लगेच म्हणाला. वरची वाट बघत तो कंटाळला होता. "होय."

"घंटा वर लावायची होती," वायरमन पुटपुटला. मग त्याने वरच्या मजल्यावरची आपली एक निळी चिठ्ठी उपटली आणि खाली चिकटवली. "खालच्या व्हरांड्यात लावतो. तिथली वायर ओढलेलीच आहे. होय."

"जिन्याला दार घालतो," सुतारकाका म्हणाले. "कुलपासकट. म्हणजे पोरं वर जायची नाहीत आणि वर मिस्त्रींचं काम सुखानं चालेल. बाकं तर तयारच आहेत. होय."

प्लंबरने नळ मोजले आणि होय म्हटले. फरशीवाल्याने मान हलवली, बाईंनी नुसते पाहिले, तेव्हा त्याने ते तोंडाने म्हटले, "होय, होय."

चिठ्ठ्या इकडून तिकडे सरकत होत्या. बघता बघता सारी भिंत नव्याने मांडली गेली. बाई एका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी एकाही चिठ्ठीला हात लावला नव्हता. वादळ मिस्त्रींनी हे पाहिले आणि त्यांना वाटले, खरी कारागिरी ही. आपण थापीने भिंत सपाट करतो. ही बाई माणसांना एकमेकांना नीट बसवते, आणि तिच्या हाताचा ठसा कुठेही उमटत नाही.

मुख्याध्यापिका बोटांवर खोल्या मोजत होत्या. "वाचनालयात दोन तुकड्या बसतील. शिक्षकांची खोली गेली तर आम्ही व्हरांड्यात बसू. दाटी होईल." मग त्यांनी मिस्त्रींना विचारले, "पण एकत्र राहतील ना मुलं? नक्की?"

"बाई," मिस्त्री म्हणाले, "आत्ताच तुमच्यासमोर नाही म्हणालो मी. आता होय म्हणतोय ते उगाच नाही."

मुख्याध्यापिकांनी फोन पुन्हा पर्समध्ये टाकला.

---

शाळेच्या पहिल्या दिवशी मिस्त्री मुद्दाम वेळेआधी आले. वाचनालयाच्या खोलीत रंगाचा वास होता. बाके इतकी जवळ जवळ लावली होती की शिक्षिकेला फळ्यापर्यंत आडवे होऊन जावे लागत होते. खालच्या व्हरांड्यात वायरमन स्वतः उभा होता आणि घंटेकडे असा बघत होता की जणू त्याचीच परीक्षा आहे. घंटा वाजली. दणक्यात वाजली. वायरमनने मिस्त्रींना पाहिले आणि भुवया उडवल्या.

खिडकीतून मुंगी दिसली. दोघींच्या बाकावर तिघी दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मधली मुंगी होती. दातपडकीचा एक नवा दात अर्धा वर आला होता. मुंगीचे तोंड चालूच होते. शिक्षिकेने तिला दोनदा गप्प बसवले. मिस्त्रींना त्या शिक्षिकेची थोडी दया आली आणि पुष्कळ आनंद झाला.

मधल्या सुट्टीत मुंगी धावत आली आणि जिन्याच्या कुलूपबंद दारापाशी उभी राहिली. "आजोबा, आमचा खरा वर्ग वर आहे ना? तो कधी होणार?"

मागे दातपडकीही उभी होती, उत्तर ऐकायला.

मिस्त्रींनी कुलूप उघडले, दोघींना खालीच थांबवले आणि ते एकटे वर गेले. व्हरांड्याच्या भिंतीला त्यांनी हाताची मागची बाजू लावली. इथे कोरडी होती, तिथे कोरडी होती, टोकाला अजून जराशी थंड. ते खाली आले.

"आज नाही," ते म्हणाले. "टोकाला अजून ओल आहे. भिंत वाळली की मी स्वतः येऊन सांगेन, मग रंगारी येईल, मग बाकं, मग तुम्ही."

मुंगीने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग दातपडकीला म्हणाली, "चल. आजोबा सांगणार आहेत." आणि दोघी पळाल्या.

संध्याकाळी घरी जाताना मिस्त्री फरशीवाल्याकडे थांबले. न्हाणीघरापुरत्या चार फरश्या त्यांनी मागून घेतल्या, पण त्याआधी घरी फोन करून आजीला विचारले, "उद्या सकाळी न्हाणीघर रिकामं मिळेल का? नाही म्हणालीस तरी चालेल."

पलीकडून आजी म्हणाली, "कोण बोलतंय?"